टमी टक करताय? या चुका टाळा

टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया, हा वजन उतरवण्याचा उपाय नाही. वजन किमान ६ महिने स्थिर हवं आणि पुढे मूल नको असेल तरच तारीख ठरवावी, नाहीतर शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात. बेंबीच्या वरचे स्ट्रेच मार्क्स बहुतेक राहतातच, हे आधी माहीत असू द्या.

सगळ्यात महागात पडते ती तंबाखू लपवण्याची चूक. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला "नाही" म्हटलं जातं आणि रोजची मिश्री सांगायची राहून जाते. निकोटीन कुठूनही आलं तरी बारीक रक्तवाहिन्या आखडतात. या शस्त्रक्रियेत पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात, म्हणून बेंबीखालच्या मधल्या भागाला रक्त आधीच कमी पोचतं. मग तिथली कातडी काळी पडते, टाके उसवतात आणि ड्रेसिंग महिनोन्महिने चालतं. मिश्री, गुटखा, निकोटीनचं च्युइंगमसुद्धा आधी ४ आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. लागली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, ते रागावणार नाहीत, तारीख पुढे ढकलतील.

मुंबईत शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशी सावंतवाडीला निघणं धोक्याचं. तासन्‌तास पाय दुमडून बसल्याने पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघेपर्यंत सर्जनच्या जवळच राहा. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, धाप लागली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

ड्रेनच्या टोकाला पाणी साठवणारा फुगा असतो, तो रिकामा केल्यावर चपटा दाबूनच झाकण लावायचं. आत हवा राहिली तर ओढ राहत नाही, पाणी कातडीखालीच साठतं. रोज ठरल्या वेळी मोजून मिलिलिटर लिहून ठेवा. साधारणपणे २४ तासांत ३० पेक्षा कमी, असं सलग दोन दिवस झालं की सर्जन ड्रेन काढतात.

आपल्याकडच्या दमट हवेत शस्त्रक्रियेनंतर पोटाला बांधायचा पट्टा घामाने भिजतो आणि खाली नायटा होतो. दोन पट्टे आलटून पालटून वापरा, आत सुती बनियन घाला. पावसाळ्यात अर्धवट वाळलेला पट्टा मुळीच बांधू नका.

६ आठवडे ५ किलोवर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली कळशीही नाही. चतुर्थीच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या बाईला कोण बसू देणार? गणपती उरकल्यावरची तारीख घ्या. सूज उतरायला ३ ते ६ महिने लागतात, तेव्हा मे महिन्यातल्या लग्नासाठी दिवाळीनंतर उशीर करू नका.