सांत्वनाला जाताना या चुका टाळा

बायबलमधला ईयोब म्हणजे मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेला नीतिमान माणूस. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आपल्या उपदेशांत सरसकट बदनाम झालेत. खरं तर त्यांची सुरुवात उत्तम होती. मित्राची दशा पाहून ते मोठ्याने रडले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि अवाक्षर बोलले नाहीत. घोळ झाला तो तोंड उघडल्यावर. या दुःखामागे ईयोबाचंच पाप असणार, असं ते सिद्ध करू लागले. शेवटी देवाचा कोप झाला तो मात्र देवाची बाजू लढवणाऱ्या या मित्रांवर (ईयोब 42:7). आपल्या चर्चच्या मंडळीतलं सांत्वनही बहुधा याच वळणावर घसरतं.

वचन सांगायची घाई

'देव सोसवेल एवढंच देतो,' हे वाक्य प्रत्येक मयताच्या घरी ऐकू येतं. 1 करिंथ 10:13 मधला विषय परीक्षेचा आहे, मोहात पडण्याचा. मूल गमावलेल्या आईला 'तुला हे सोसवेल' असं तिथं म्हटलेलं नाही. 'देवाला आवडला म्हणून नेला' याला तर शास्त्रात आधारच नाही. रोम 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) खरं आहे, पण त्याच पत्रात पुढे 12:15 मध्ये शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असंही लिहिलंय, आणि ते आपण सोयीस्कर विसरतो.

योहान 11 नीट वाचा. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी येशूला एकच गाऱ्हाणं सांगतात: तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, मरीयेपाशी मात्र रडतो. त्यांच्या मेलेल्या भावाला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे माहीत असूनही. तेव्हा समोर मार्था आहे की मरीया, हे आधी पाहावं. ती विचारत असेल तर बोला. नसेल तर बसून राहा, चहा ठेवा, गेलेल्याचं नाव घेऊन आठवण काढा.

चुकीचं बोलून गेलात? पुढच्या भेटीत सरळ सांगा, 'त्या दिवशी मी घाईने बोललो. तुम्ही सांगा, मी ऐकतो.' माणसं बहुतेक वेळा मोकळी होतात.

'तुमची प्रार्थना कमी पडते'

नैराश्यात असलेल्याला हे ऐकवणं क्रूरपणा आहे, मग ते कितीही गोड आवाजात का असेना. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता (1 राजे 19). देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा भाकर दिली. 'तू इथं काय करतोस?' हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर आला. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते प्रार्थनाच आहे.

औषधं बंद करायला कोणी सांगत असेल, मग ते पाळकसाहेब का असेनात, तिथं नम्रपणे पण ठाम विरोध करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

कोणी 'जगण्यात अर्थ नाही' म्हणालं, तर विषय बदलू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, विष, गोळ्या, दोरी दूर करा आणि घरच्यांना व डॉक्टरांना गाठा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस फोन सेवा 14416 वर चोवीस तास मोफत मिळते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन अशा वेळी देऊ नये.

प्रार्थना विषय की चहाडी?

एरवी मात्र गुप्तता पाळाच. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणत अमक्याच्या सुनेचा मोडता संसार व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. विचारल्याशिवाय तपशील टाकू नका. 'एका कुटुंबासाठी प्रार्थना करा' एवढं देवाला पुरतं.

नंतरचे महिने

'काही लागलं तर सांगा' म्हटल्यावर सहसा कोणी सांगत नाही. काम ठरवून विचारा: बँकेत वारसाचे कागद द्यायला मी सोबत येऊ का, मुलांना शाळेत सोडू का, शनिवारी डबा आणू का? गर्दी पहिल्या आठवड्यात असते. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा, आणि पहिल्या नाताळाला तर नक्की. यंदा घरी तारा लावायचा की नाही, फराळ करायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्या. नको म्हणाले तर करंज्या घेऊन आग्रह करत बसू नका.