शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्याला घर शोधताय? या चुका टाळा

पिल्लाला घर मिळायला एक बरा फोटो पुरतो. चार-पाच वर्षांच्या, कानाला नसबंदीची खाच असलेल्या देशी कुत्रीबद्दल फोन आला, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, "छोटं काही नाहीये का?" खरं पाहिलं तर पिल्लू म्हणजे लॉटरीचं तिकीट. ते केवढं वाढेल, किती भुंकेल, लहान मुलांत रमेल की नाही, कुणालाच माहीत नसतं. मोठ्या कुत्र्याचं वजन, स्वभाव, खोडी, आजारपणं सगळं समोर असतं. हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि घर शोधण्याच्या घाईत आपण नेमकी तीच वाया घालवतो.

हा विषय आता जास्त नेटानं हाताळायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं की भटका कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांवरचे कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे शेल्टरमध्ये मोठे कुत्रे वाढणार, आणि त्यांच्यासाठी "नाही जमलं तर सोडू परत गल्लीत" हा रस्ता उरलेला नाही.

पोस्टमध्ये रडगाणं गाणं

"अर्जंट! शेवटचे दोन दिवस! कुणी नाही हिचं या जगात!" अशा मजकुरावर कमेंटमध्ये हात जोडलेले ढीगभर येतात, घर येत नाही. आलंच तर दयेपोटी येतं, आणि दया पहिल्या चावलेल्या चपलेपर्यंत टिकते. सोबतचा फोटोही बहुतेक वेळा जाळीआडून काढलेला, वरून, कान पाडलेला, मागे ओली लादी. असा कुत्रा आपल्या हॉलमध्ये कसा दिसेल, हे कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

कुत्र्याला बाहेर काढा, सकाळच्या उन्हात, आणि स्वतः खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोटो घ्या. एका फोटोत शेजारी माणूस उभा असू द्या, म्हणजे आकार कळतो. पट्ट्यावर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त काम करतो. मजकूर साधा ठेवा: "टिकली. मादी, वय अंदाजे पाच, वजन अठरा किलो. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. पट्ट्यावर छान चालते, लिफ्टला घाबरते. मोठ्या माणसांत रमते, मांजर दिसलं की मागे लागते. दिवसातून चार-पाच तास एकटी राहू शकते." वाचणाऱ्याला आपल्या घराशी ताडून पाहता येईल असं यात काहीतरी आहे. आणि हो, देशीला "लॅब मिक्स" (लॅब्राडोरचा संकर) म्हणू नका. लॅब मागायला आलेला माणूस उभे कान बघून परत जातो. तो गेला नाही तर जास्त पंचाईत.

जाळीतल्या वागण्यावरून स्वभाव ठरवणं

वरचा मजकूर लिहायचा तर कुत्र्याचा खरा स्वभाव माहीत असायला हवा. शेल्टरमध्ये जाळीवर अंग टाकून भुंकणारा कुत्रा बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत गवत हुंगत शांत चालताना पुष्कळदा दिसतो, आणि कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला "गरीब" कुत्रा हात लावल्यावर दात दाखवतो. तीसेक कुत्र्यांच्या कलकलाटात खरा स्वभाव कळत नाही. म्हणून त्याला वेगवेगळ्या वेळी बाहेर काढा. जिना, रिक्षा, रहदारी, अनोळखी पुरुष, छत्री, हेल्मेट, सायकलवरची मुलं, दुसरा कुत्रा. कशाला थबकतो, कशाकडे ओढतो ते लिहून ठेवा. जेवणाच्या भांड्याजवळ माणूस गेला तर काय करतो, हे तर हमखास पाहा, पण भांड्यात हात घालून नव्हे. आठवडा-दोन आठवडे कुणाच्या घरी फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, ठेवता आलं तर उत्तमच, कारण घरात कसा राहतो हे घरातच कळतं.

दिसलेली खोड लपवायची मात्र नाही. "सांगितलं तर कोण घेईल?" असं कार्यकर्तेच म्हणतात. न सांगता दिलेला कुत्रा महिन्यात परत येतो, आणि आता त्याच्या नावावर "परत आलेला" हा शिक्काही असतो. मांजरामागे धावणारा कुत्रा मांजर नसलेल्या घरात अगदी आनंदात राहतो.

पहिल्या "हो"ला गाडी काढणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. फोनवर उत्साहानं बोलणारी कॉलेजातली मुलगी असते, घरी निर्णय आजीचा असतो. घरातल्या प्रत्येकाशी बोला, निदान व्हिडिओ कॉलवर. घरी मांसाहार चालतो का, हे संकोच न करता विचारा. शुद्ध शाकाहारी घरात कुत्रा राहू शकतो, पण त्याच्या जेवणाचं काय हे आधी ठरलेलं बरं. चपाती-दुधावर अठरा किलोचं जनावर नीट राहत नाही. कामाला येणाऱ्या मावशी कुत्र्याला घाबरतात का, हेही विचारा. हसू नका. मावशींनी काम सोडलं म्हणून कुत्रा परत आला, हे शेल्टर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ते ऐकवतील.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाचं "चालेल" लेखी घ्या, मेसेजवर आलं तरी चालेल. सोसायटीचा प्रश्न वेगळा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कायदा बाजूनं असणं निराळं आणि रोज सेक्रेटरीशी वाद घालण्याची तयारी असणं निराळं. ती तयारी या माणसाची आहे का, ते बघा. पालिकेचा परवाना काढावा लागतो, हेही त्याला आताच सांगून टाका.

मग येतात फार्महाऊसवाले. "शेतावर मोकळा राहील हो, मस्त!" ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा साखळी, पत्र्याची सावली आणि रखवालदार देईल ते जेवण. मोकळा ठेवला तरी पुणे, नगर, नाशिक पट्ट्यातल्या उसात बिबट्या आहे. अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडून मागणी आली तर रात्री कुत्रा कुठे झोपणार, हा पहिला प्रश्न. "घरात" याशिवाय दुसरं उत्तर आलं तर नम्रपणे नाही म्हणा. गोडाऊन, बांधकामाची साइट, कंपनीचं गेट यांनाही माझ्याकडून हेच उत्तर. राखणीला माणूस ठेवावा.

शेल्टरमध्ये सोडलेला लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर वेगळी काळजी. मागणी भराभर येते, आणि तिच्यात पिल्लं काढून विकणारेही असतात. नसबंदी झाल्याशिवाय कुत्रा हलवायचा नाही. "आम्ही करून घेऊ नंतर" हे वाक्य ऐकून घ्यायचं, मानायचं नाही.

घर बघून या, ओळखपत्राची प्रत घ्या, करारावर सही घ्या. करारात एक अट ठळक हवी: नाही जमलं तर कुत्रा आम्हालाच परत, दुसऱ्या कुणाला नाही, रस्त्यावर तर नाहीच. कुत्र्याला उपाशी-तहानलेलं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हेही त्यात लिहा.

परदेशातून, तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांकडून मागणी आली तर हरखून तारीख देऊ नका. ब्रिटन किंवा युरोपीय संघात न्यायचं तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि ते रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. तेवढे महिने कुत्रा राहणार कुठे, ते आधी ठरवा.

कागद अर्धवट

लसीकरणाचं पुस्तक मूळ द्या, फोटो नको. रेबीज, नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस), जंतनाशक यांच्या मागच्या आणि पुढच्या तारखा त्यात हव्यात. देण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचीड ताप शेल्टरमध्ये सर्रास असतो आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसला तरी प्लेटलेट्स खाली असू शकतात. नव्या घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो आजारी पडला की "आजारी कुत्रा गळ्यात मारला" हे ऐकावं लागतं, आणि त्या माणसाचं चुकतही नाही. पावसाळ्यात देत असाल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

चुकीचा दिवस, ढिला पट्टा

दिवाळीच्या आधीचा आठवडा, गणपती विसर्जन, ३१ डिसेंबर: या दिवसांत कुत्रा नव्या घरी पाठवू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. नवी जागा आणि सुतळी बॉम्ब एकत्र आले की कुत्रा पळतो, आणि परतीचा रस्ता त्याला माहीत नसतो.

देशी कुत्र्याची मान जाड आणि डोकं निमुळतं. साधा पट्टा तो मागे सरकून क्षणात काढतो. गळ्यात घट्ट बसणारा पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना वेगवेगळी लीश, असंच न्या. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला हवा. गाडीचं दार उघडण्याआधी लीश हातात, आणि घरात शिरल्यावर दार लावूनच ती काढायची. त्या दिवशी आंघोळ नको, औक्षण नको, शेजाऱ्यांना बोलावून ओळख-परेड नको. शेल्टरमधलं त्याचं गोणपाट न धुता सोबत द्या, आणि पहिला आठवडा तेच जेवण, जे इथे खात होता. घरात आधीच कुत्रा असेल तर दोघांची भेट दारात नाही, बाहेर रस्त्यावर घडवा. दोघांना थोड्या अंतरानं एकाच दिशेला चालवत न्या आणि मग एकत्र घरात शिरा.

घरी गेल्यावर फोन येतात, त्यांची उत्तरं

"खातच नाहीये." दोन दिवस नाही खाल्लं तर चालतं, पाणी पीत असेल तर. भांडं ठेवून बाजूला व्हा, तोंडात घास कोंबू नका. उलट्या, ताप, पांढरट हिरड्या किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

"घरात शू करतो, एवढा मोठा असून!" शेल्टरमध्ये तो लादीवरच करत होता. तुमच्या हॉलमध्येही लादीच आहे, त्यानं काय ओळखायचं? पिल्लासारखं दर तीन-चार तासांनी बाहेर न्या, बाहेर केली की लगेच खाऊ द्या. नाक घासू नका. फिनाइलनं वास फक्त झाकला जातो, त्यामुळे कुत्र्यांसाठी मिळणारं वास घालवणारं द्रावण वापरा.

"पलंगाखालून बाहेर येत नाही." नको येऊ दे. ओढून काढला तर चावेल, आणि चूक त्याची नसेल.

"आम्ही बाहेर पडलो की बिल्डिंग डोक्यावर घेतो." इथे चूक बहुधा आधी झालेली असते. लोक आठवड्याची रजा काढतात, चोवीस तास कुत्र्याजवळ बसतात, आणि आठव्या दिवशी नऊ तास ऑफिसला जातात. रजा काढा, पण पहिल्याच दिवसापासून पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास असं घराबाहेर जाऊन या. जाताना निरोपाचं नाटक नको.

"गुरगुरला!" गुरगुरणं ही सूचना आहे. ती फटका देऊन बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. कशावरून गुरगुरला ते बघा. जेवणावरून असेल तर घरातल्या मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा आणि आम्हाला कळवा. दात लागलाच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

या सगळ्यासाठी तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगून ठेवतात: तीन दिवस भांबावलेले, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, तीन महिने आपलं वाटायला. प्रत्येक कुत्रा या हिशेबानं चालत नाही, पण चौथ्या दिवशी "हा सेट होत नाहीये" म्हणणाऱ्याला थोपवायला तो उपयोगी पडतो. तुम्हीही दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं स्वतःहून फोन करा. लोक अडचण असताना फोन करत नाहीत, अडचण हाताबाहेर गेल्यावर करतात.

पळाला तर, परत आला तर

पळाला तर मागे धावू नका आणि दहा जणांना नाव घेऊन ओरडायला लावू नका. ते नवं नाव त्याला अजून आपलं वाटत नाही. पळाला त्या जागेजवळ त्याचं गोणपाट आणि जेवण ठेवा. वॉचमन, चहाची टपरी, रात्री कुत्र्यांना खाऊ घालणारे फीडर यांना फोटो द्या. शेल्टरमधलं त्याच्या ओळखीचं माणूस बोलवा आणि पहाटे, रस्ता शांत असताना त्याला तिथे नुसतं बसू द्या.

परत आला तर घेणाऱ्याला शिव्या घालू नका, कारण त्याच्याकडे आता तुम्हाला हवी असलेली माहिती आहे. रात्री कुठे झोपला, पाहुणे आले तेव्हा काय केलं, एकटा किती वेळ राहिला, हे सगळं त्याच्याकडून विचारून घ्या. मग कुत्र्याचा मजकूर नव्यानं लिहा, "एका घरी तीन आठवडे राहून आला आहे, घरात घाण करत नाही, पण लहान मुलं असलेलं घर नको" असा, आणि नवे फोटो काढून पुन्हा टाका.