हानोकमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

मी सोलमध्ये राहते, त्यामुळे घरची मंडळी आली की हानोकमध्ये, म्हणजे कोरियन पद्धतीच्या जुन्या लाकडी घरात, एक-दोन रात्री मुक्काम ठरलेलाच. आणि दर वेळी पहिली चूकही तीच: खोलीत पाऊल टाकलं की ओन्डोलचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं.

ओन्डोल म्हणजे जमिनीखालून घर तापवायची रीत. पूर्वी चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून फिरून धुराड्याने बाहेर पडायचा; आता बहुतेक घरांत बॉयलरचं गरम पाणी नळ्यांतून फिरतं. आधी जमीन तापते, मग खोली. याला वेळ लागतो, आणि तेवढा धीर आपल्या लोकांना नसतो.

जानेवारीत जोन्जू शहरातल्या हानोकमध्ये माझ्या मावसभावाने दहा मिनिटांत तीनदा तापमानाचा आकडा वाढवला. रात्री दोन वाजता जमिनीला पाठ टेकवेना. मग दार सताड उघडलं, बाहेर कडाक्याची थंडी. मावशी सकाळपर्यंत खोकत होती. तिने पुण्याहून आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा भिंतीशी जमिनीवरच राहिला होता. झाकण काढलं तर लाडू बसलेले आणि तळाला तूप सुटलेलं.

मी आल्या आल्या गादी-रजई अंथरून टाकते, आकडा फार तर दोनने वाढवते आणि जेवायला बाहेर पडते. पांघरुणाखाली ऊब कोंडून राहते, परत येईपर्यंत अंथरूण छान उबदार झालेलं असतं. औषधं, पॉवर बँक, चॉकलेट जमिनीवर ठेवू नका.

उंबरठ्यावर पाय देऊ नका, आणि चौकट ठेंगणी असते, वाकून जा. बॅग लाकडी ओसरीवरून ओढू नका, उचला. सरकत्या दारांना हान्जी, म्हणजे पारंपरिक कोरियन कागद, लावलेला असतो. बोट लागलं तरी फाटतो आणि कुजबुजसुद्धा पलीकडे जाते.

दुसरी चूक मला जास्त लागते. 'गर्दी नको' म्हणून पहाटे बुकचोनच्या, म्हणजे सोलमधल्या हानोक वस्तीच्या, चढावर फोटो काढायला जाणं. त्या बंद दारांमागे माणसं झोपलेली असतात. लोकांनी इतका त्रास दिला की बुकचोन-रो ११-गिल या गल्लीच्या भागात आता पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे. मोडली तर १ लाख वॉन दंड. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. सकाळी लवकर फिरायचंच असेल तर मी ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या पश्चिमेला सोचोनमध्ये नेते, पण तिथेही आवाज खालीच ठेवायला सांगते. १९२०-३० च्या काळातल्या छोट्या हानोकांच्या गल्ल्या बघायच्या तर इक्सोन-दोंग. तिथे आता बहुतेक कॅफे आणि दुकानं आहेत, म्हणून दुपारी जा.

चालायचा रस्ता बघायला नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन अ‍ॅप फोनमध्ये टाकून घ्या. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो, चांगदोकगुंग सोमवारी. आणि दोन्ही राजवाडे एका सकाळी उरकायचा बेत असेल तर मला सोबत बोलावू नका, मी येणार नाही.