फॅक्टोरिओ: बॉयलर थंड पडायचे, ते कसं सोडवलं

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज संध्याकाळपर्यंत परत येते. फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये एकदा बसलेली वीज आपोआप उठत नाही. बॉयलरला कोळसा घालणारे इन्सर्टर, म्हणजे सामान उचलून ठेवणारे यांत्रिक हात, विजेवरचे असतील तर लोड वाढला की तेच मंदावतात, कोळसा कमी पडतो, वीज आणखी घसरते. तिथे सगळे बर्नर इन्सर्टर, म्हणजे विजेऐवजी इंधनावर चालणारे, लावले. ते उचललेल्या कोळशातूनच स्वतःचं इंधन घेतात.

खरी गोम मात्र कोळसा वाहून आणणाऱ्या बेल्टवर होती. 20 बॉयलर, 40 स्टीम इंजिनं म्हणजे 36 मेगावॉट. कोळशाच्या एका तुकड्यात 4 मेगाजूल, म्हणजे पूर्ण लोडला सेकंदाला 9 तुकडे लागतात. पिवळ्या बेल्टची एक बाजू साडेसातच देते, त्यामुळे टोकाचे तीन-चार बॉयलर उपाशी राहायचे. कोळसा बेल्टच्या दोन्ही बाजूंवर सोडला, तेव्हा शेवटचा बॉयलरही पेटता राहिला.