कॉफी नव्हे, कॉफीचा मग चुकतोय: या चुका टाळा

कॉफी पाणचट लागते, पटकन गार होते, फेस टिकत नाही. अशी तक्रार असली की लोक आधी पूड बदलतात, नंतर दूध बदलतात आणि शेवटी मशीनला दोष देतात. कॉफी ज्यात ओतली त्या भांड्याकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे ३५० मिलीचा एकच मग सगळ्या प्रकारांना वापरणं. एस्प्रेसोचा, म्हणजे दाबाखाली काढलेल्या दाट कॉफीचा, एक शॉट (एका वेळची मात्रा) साधारण ३० मिली असतो. त्याचा कप ६० ते ९० मिलीचा आणि जाड भिंतीचा हवा. मोठ्या मगात तो तळाशी पातळ पसरतो, वरचा सोनेरी फेस (क्रेमा) विरतो आणि चिनी माती त्याची उष्णता ओढून घेते. आकडे मांडून बघा. ८५ अंशांचे ३० मिली २५ अंशांवरच्या १२० ग्रॅमच्या कपात ओतले आणि कप पूर्ण तापला, तर दोन्ही ५८ अंशांच्या आसपास स्थिरावतात. मग ३५० ग्रॅमचा असेल तर ४३ वर. ही कोमट एस्प्रेसो कितीही महाग पुडीची असली तरी आंबट आणि बोथट लागणारच.

कापुचिनोला (एस्प्रेसोवर फेसाळ दूध) १५० ते १८० मिलीचा, रुंद तोंडाचा आणि आतून गोल तळाचा कप लागतो. गोल तळामुळे ओतलेलं दूध वळून वर येतं आणि कॉफीत नीट मिसळतं. सपाट तळाच्या सरळ मगात ते कोपऱ्यावर आपटतं आणि फेस वेगळा तरंगतो. शिवाय मग रिकामा दिसतो म्हणून लोक काठापर्यंत दूध भरतात. ३० मिली कॉफीत पाऊण मग दूध घातल्यावर ती पाणचट लागते, यात पुडीचा काही दोष नाही. लाटेसाठी (दूध जास्त, फेस कमी) २४० ते ३०० मिलीचा मग घ्या आणि त्यात दोन शॉट घाला. साध्या काळ्या कॉफीला मात्र ३५० मिलीचा मग उत्तम. तोंड थोडं अरुंद असेल तर उष्णता जास्त वेळ टिकते.

मग आधी तापवायचा कंटाळा करू नका. २०० मिली काळी कॉफी ९२ अंशांवर असली तरी थंड, जड मग तिला ७५ च्या खाली आणू शकतो. नुकतंच उकळलेलं पाणी दोन तृतीयांश भरा, मिनिटभर ठेवा, ओता, पुसा, लगेच कॉफी घाला. नळाच्या गरम पाण्याने नुसतं विसळून भागत नाही. रिकामा मग मायक्रोवेव्हमध्ये फिरवण्याची युक्ती तर सोडूनच द्या: कोरडी चिनी माती त्यात फारशी तापत नाही आणि रिकामं चालवणं यंत्राला वाईट.

आता दुहेरी भिंतीचे काचेचे ग्लास. ‘आपोआप फुटला’ ही यांची ठरलेली तक्रार, आणि घटनाक्रमही बहुतेक वेळा ठरलेलाच. पहिल्या दिवसापासून स्टीलच्या चमच्याने ढवळलं जातं, धुताना तारेची घासणी फिरते. आतल्या पातळ भिंतीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. पुढे कोणीतरी बर्फाची कॉफी पिऊन त्याच ग्लासात उकळतं पाणी ओततं आणि ओरखड्यातून तडा जातो. हे ग्लास बहुधा बोरोसिलिकेट काचेचे असतात. ही काच साध्या काचेपेक्षा तापून खूप कमी प्रसरण पावते, म्हणून ती गरम पाणी सोसते. पण ओरखडा असलेल्या काचेला तो भरवसा नाही. ढवळायला लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा, धुवायला मऊ स्पंज. थंड पेयानंतर ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दोन भिंतींमध्ये दव दिसलं तर मायक्रोवेव्ह बंद, कारण अडकलेल्या वाफेला वाट नसते. तळाला छिद्र किंवा सिलिकॉनचं बूच असेल तर काही दिवस कोरड्या जागी पालथा ठेवून पाहा. तळ पूर्ण बंद असूनही ओल आली असेल, तर कुठेतरी चीर आहे. तो ग्लास बाजूला काढा.

स्टीलच्या निर्वात (दोन भिंतींमधली हवा काढलेल्या) मगाला वास येत असेल तर नुसतं भांडं घासत बसू नका. वास बहुधा झाकणाच्या सिलिकॉन रिंगेत असतो. ती काढून वेगळी धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. आतल्या तपकिरी डागांना एक चमचा खाण्याचा सोडा आणि गरम पाणी अर्धा तास पुरतं. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, स्टीलवर खड्डे पडतात. दुधाची कॉफी या मगात दिवसभर ठेवू नका, कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात.

इनॅमलच्या, म्हणजे लोखंडावर काचेसारखा मुलामा दिलेल्या, मगाचा टवका उडाला की खालचं लोखंड गंजतं, आणि टवका आतल्या बाजूला असेल तर तो मग पिण्यासाठी बाद. सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो. पांढऱ्या मगातल्या करड्या रेघा बहुधा तडे नसून चमच्याच्या धातूचे ठसे असतात. सोड्याची पेस्ट लावून चोळा.

खऱ्या तड्यांची शंका असेल, तर मग पाण्याने भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल, किंवा मायक्रोवेव्हमध्ये कॉफीपेक्षा मगाचा कानच जास्त तापत असेल, तर मातीत पाणी मुरतंय. अशा मगात कॉफी ओतू नका.