जंगल मोजलं, माणसं मोजली, दुवा राहूनच गेला

सामाजिक-पर्यावरणीय व्यवस्थांच्या, म्हणजे माणसं आणि निसर्ग यांच्या एकमेकांत गुंतलेल्या व्यवहारांच्या, अभ्यासाकडे येणारे बहुतेक जण दोनपैकी एका दाराने येतात. कुणी वनस्पतिशास्त्र, मत्स्यविज्ञान किंवा जलशास्त्र शिकून आलेलं असतं, कुणी समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल. पहिल्या वर्षी दोघांचीही धडपड एकच असते: न शिकलेली बाजू भरून काढायची. मग प्रबंधात एक प्रकरण झाडांचं, एक घरोघरच्या प्रश्नावलीचं आणि शेवटी ‘दोन्ही परस्परांवर अवलंबून आहेत’ असं एक वाक्य. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात, आणि बरोबरच करतात. दोन्ही टोकं कितीही काटेकोर मोजली तरी मधला दुवा त्यातून आपोआप हाती लागत नाही.

म्हणून विषय निवडताना आधी एकच दुवा ठरवा आणि तो एकक लावून लिहा. ‘गाव आणि जंगल यांचं नातं’ हा विषय होत नाही. ‘कोणती घरं, कोणत्या महिन्यात, जंगलाच्या कोणत्या भागातून किती किलो सरपण आणतात, आणि त्या भागात नवी रोपं किती येतात’ हा होतो. दुवे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात वस्तू वाहते: लाकूड, पाणी, मासे, खत. दुसऱ्यात खबर वाहते: निसर्गात झालेला बदल माणसांना कधी कळतो, कोणाला कळतो आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचतो का. नवखे पहिल्या प्रकाराच्या मागे लागतात, पण घात बहुधा दुसऱ्यात होतो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा हे त्याचं ठळक उदाहरण. किती मासे पकडायचे, याचा कोटा ठरवताना 1980च्या दशकात मोठ्या ट्रॉलरना (जाळं ओढत फिरणाऱ्या बोटींना) दर फेरीमागे किती मासे मिळतात या आकड्यावर बराच भर होता. मासे कमी झाले तरी उरलेले थवे करून राहतात आणि ट्रॉलर ते थवे शोधून काढतात. त्यामुळे पकडीचा दर चढाच राहिला आणि साठा खाली जात राहिला. किनाऱ्याजवळ जाळी लावून बसणाऱ्या मच्छीमारांना घट जाणवत होती. मासा शोधत फिरणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांच्या जाळ्याचा आकडा साठ्याच्या जास्त जवळ होता. त्यांचं म्हणणं हिशेबात फारसं आलं नाही. जुलै 1992मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. तुमच्या अभ्यासात एखादा आकडा निसर्गाची स्थिती दाखवतो असं गृहीत धरलं असेल, तर तो आकडा माणसांच्या हुशारीमुळे तर वर राहत नाही ना, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा.

आता सरपणाचंच उदाहरण घेऊन मोजमाप कसं बिघडतं ते पाहू, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथेच येतात. समजा 100 घरं आहेत. प्रश्नावलीत उत्तर आलं: घरामागे आठवड्याला तीन मोळ्या. मोळी अंदाजे 20 किलो. गुणिले 52 आठवडे, म्हणजे वर्षाला 312 टन. हा आकडा अहवालात गेला की जंगल संपत आल्याचा निष्कर्ष तयारच. पण ताज्या लाकडाच्या वजनात 40 टक्के पाणी धरलं आणि वर्षातले 13 आठवडे कुणी जंगलात जातच नाही असं निघालं, तर कोरडं लाकूड भरतं सुमारे 140 टन. आकडा निम्म्याहून खाली आला. जंगलाची वाढ कोरड्या वजनात मोजायची आणि वापर ओल्या वजनात, हा घोटाळा छापील अहवालांतही सापडतो.

यावर उपाय साधे आहेत, फक्त कंटाळवाणे. मोळी ताणकाट्यावर स्वतः तोला, निदान तीसेक मोळ्या, आणि प्रत्येक हंगामात वेगळ्या. त्यातले काही तुकडे पिशवीत बंद करून आणा आणि ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सियसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ‘वर्षभरात किती आणता?’ असं विचारू नका. ‘गेल्या सात दिवसांत किती आणलं?’ असं विचारा आणि हाच प्रश्न वर्षातून तीन-चार वेळा घेऊन परत जा. प्रश्न कुटुंबप्रमुखाला न विचारता लाकूड आणणाऱ्या व्यक्तीला विचारा. अनेक ठिकाणी ती बाई किंवा मुलगी असते आणि उत्तर द्यायला पुढे येतो घरातला पुरुष. आणि मोळीत वाळकं किती, ओलं तोडलेलं किती, हे वेगळं नोंदवा. पडलेलं लाकूड उचलणं आणि कोवळं झाड तोडणं यांचा जंगलावरचा परिणाम एकाच रकान्यात बसत नाही.

जंगलाच्या बाजूने एकात एक तीन वर्तुळांचे प्लॉट (मोजणीसाठी आखलेल्या जागा) सोयीचे पडतात: 10 मीटर त्रिज्येत मोठी झाडं, 3 मीटरमध्ये कोवळी, 1 मीटरमध्ये रोपं आणि गवत. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा. 31.4 सेंटीमीटर घेर म्हणजे 10 सेंटीमीटर व्यास, तिथून पुढे मोठं झाड धरायचं. 10 मीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 314 चौरस मीटर, म्हणजे त्यातलं एक झाड हेक्टरी जवळजवळ 32 झाडांच्या बरोबरीचं. एक झाड चुकून आत धरलं तर हिशेब किती हलतो, ते यावरून कळेल. सीमेवरच्या झाडाच्या खोडाचा मध्य आत असेल तर धरा, नसेल तर सोडा, आणि हा नियम सगळ्या चमूला एकदम सांगा.

उतारावर नवख्यांचा हात हमखास फसतो. टेप जमिनीलगत धरून 10 मीटर मोजले तर आडव्या नकाशावर ते अंतर कमी भरतं. 30 अंशांच्या उतारावर चढाच्या दिशेने टेप 11.55 मीटर सोडावी लागते. तसं न केल्यास प्लॉटचं खरं क्षेत्र 272 चौरस मीटर राहतं आणि हेक्टरी झाडांची संख्या साधारण 13 टक्क्यांनी कमी येते. गंमत म्हणजे उताराची जागा बहुधा गावापासून लांब आणि कमी वापरातली असते. त्यामुळे ही चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, वापर आणि झाडं यांचं नातंच वाकडं करते.

प्लॉट कुठे टाकायचे हे ठरवण्याआधी लाकूड आणणाऱ्यांना सोबत घेऊन एकदा सगळा पट्टा पायी फिरा. कोण कुठून आणतं ते नकाशावर रंगवून घ्या. मग जास्त वापराचा, कमी वापराचा आणि बंदीचा असे भाग पाडा आणि प्रत्येक भागात सोडत काढून प्लॉट टाका. वाटेच्या कडेने सोयीचे प्लॉट घेतले तर जंगलाऐवजी वाटेचा अभ्यास होईल.

नियमांकडे वळू. कागदावरचा नियम आणि चालणारा नियम यांत फरक असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो नोंदवायचा कसा ते ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात लॉबस्टर पकडायला सरकारी परवाना लागतो. पण प्रत्यक्षात प्रत्येक बंदरातल्या मच्छीमारांनी आपापला समुद्राचा भाग वाटून घेतलेला होता आणि त्या गटाने सामावून घेतल्याशिवाय तिथे पिंजरे लावणं अवघड होतं. ही वाटणी कायद्यात नाही. ‘नियम काय आहे?’ असं विचारलं तर कायदा ऐकायला मिळेल. ‘गेल्या खेपेला कुणी मोडला तेव्हा काय झालं, कुणी पाहिलं, दंड किती आणि भरला का?’ असं विचारा म्हणजे चालणारा नियम कळेल. एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. सामायिक साधनांचा नाश अटळ नाही, हे त्यांनी बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांतून दाखवलं. सामायिक साधनं टिकवणाऱ्या व्यवस्थांची त्यांनी 1990मध्ये मांडलेली आठ तत्त्वं मात्र तपासयादीसारखी वापरू नका. आठपैकी सहा सापडली म्हणून व्यवस्था 75 टक्के टिकाऊ ठरत नाही.

दोन दुवे एकमेकांविरुद्ध ओढत असतील तर काय होतं, याचं सुंदर उदाहरण म्हणजे इंडोनेशियातल्या बाली बेटावरची भातशेती. पाण्याच्या वाटेवरच्या वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर सगळी शेतं एकदम मोकळी राहतात आणि किडींना आसरा उरत नाही, पण पाण्याची मागणीही एकदम चढते. वेगवेगळ्या वेळी लावणी केली तर पाणी पुरतं आणि कीड वाढते. वरच्यांना पाण्याची चिंता नाही, किडीची आहे, म्हणून तेही ठरलेल्या वेळापत्रकाला राजी होतात. हा मेळ जलमंदिरांच्या (पाणीवाटप सांभाळणाऱ्या देवळांच्या) जाळ्यातून घातला जात असे. 1970च्या दशकात हरित क्रांतीच्या धोरणाने जमेल तितक्या वेळा भात घ्यायला लावलं. वेळापत्रक विस्कटलं, कीड आणि पाणीटंचाई दोन्ही आली. फक्त पाणी मोजणाऱ्याला हे दिसलं नसतं.

असे दुवे कागदावर मांडायला बाणांची आकृती काढतात. एक वाढल्यावर दुसरंही वाढत असेल तर अधिक, कमी होत असेल तर उणे. बंद फेऱ्यातली उणे चिन्हं मोजा: सम संख्या किंवा शून्य असेल तर फेरा स्वतःला फुगवत नेतो, विषम असेल तर आवरतो. पहिल्या आकृतीत दहाच्या वर घटक घेऊ नका, आणि प्रत्येक बाणावर ‘किती काळाने’ हे लिहाच. उथळ तळ्यात फॉस्फरस येणं थांबवलं तरी तळच्या गाळातून तो वर्षानुवर्षं सुटत राहतो आणि पाणी गढूळच राहतं. बाणावर काळ लिहिलेला नसेल तर उपाय फसला असं वाटतं.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जंगलातला फरक दिसणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. मागचा काळ लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांतून मिळतो: 30 मीटर तपशिलाची, 1980च्या दशकापासूनची, 2008पासून मोफत. एकाच महिन्यातली चित्रं एकमेकांशी ताडून पाहा. हिरवा रंग वाढला म्हणजे जंगल सुधारलं असं नाही. घुसखोर झुडूपही हिरवंच दिसतं. जंगल राखणारी समिती असलेली आणि नसलेली गावं तुलनेला घेताना समिती येण्याआधीचं जंगल कसं होतं ते पाहा. बऱ्याचदा समिती बनतेच तिथे, जिथे वाचवण्याजोगं काही उरलेलं असतं.

शिकायचा क्रम आमच्या मते असा: आधी संख्याशास्त्र आणि आर (R, आकडेवारीची संगणकभाषा), मग क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), मग मुलाखतीचं तंत्र. नेटलोगोसारख्या सॉफ्टवेअरमधली संगणकीय मॉडेलं सगळ्यात शेवटी. ही सगळी साधनं फुकट आहेत. त्यातलं एक तरी असं पक्कं करा की दुसऱ्याचं काम तुमच्यावाचून अडेल. नाहीतर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही नेमकं काय करता?’ या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटर (2007) आणि इंडियाना विद्यापीठातली ऑस्ट्रम वर्कशॉप (1973) ही या विषयातली जुनी नावं. ‘इकॉलॉजी अँड सोसायटी’ आणि ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ द कॉमन्स’ ही नियतकालिकं कुणालाही मोफत वाचता येतात. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांचे विद्यार्थी शेतात, जंगलात, बोटीवर किती महिने घालवतात ते विचारा.

नोकऱ्या संशोधनात आहेत, त्याहून जास्त संस्थांच्या क्षेत्रीय कामात, प्रकल्पांच्या मूल्यमापनात आणि सरकारी नियोजनात. तिथे रोजचं काम म्हणजे माहिती स्वच्छ करणं, बैठकांच्या नोंदी आणि अहवाल.

परवानगीबद्दल शेवटचं. संमती घेताना माहिती कोण पाहणार हे स्पष्ट सांगा. बंदीच्या भागातून लाकूड आणल्याचं कुणी सांगितलं तर त्या घराचं स्थान आणि उत्तर एकाच फाइलमध्ये ठेवू नका. दुर्मीळ वनस्पतीच्या किंवा चांगल्या पकडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रकाशित करू नका. आणि निष्कर्ष प्रबंध जमा करण्याआधी गावात मांडा: मोळीचं वजन कुठे चुकलं, हे सांगणारी माणसं तिथेच बसलेली असतात, आणि तेव्हा तो आकडा बदलायला वेळही असतो.