पाट देण्याआधी रंगाचं विचारून घ्या

गणपतीची तयारी आषाढातच सुरू करा. कारखान्यात पाट नेऊन द्याल तेव्हाच बोलून घ्यायचं, कारण भाद्रपद उजाडेपर्यंत मूर्ती रंगून, डोळ्यांची आखणी होऊन तयार असते. ‘शाडूची आहे ना?’ हे हल्ली सगळेच विचारतात. ‘रंग कुठला?’ हे कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात विरघळत नाही, तळाशी साचून राहतो, तो दोष आहेच. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम पाण्यात जातं ते मुख्यतः रंगातून. शाडूवर ऑइलपेंट फासला असेल तर नुसत्या शाडूचं कौतुक कशाला?

भडक पिवळ्याची आधी चौकशी करा. तो लेड क्रोमेटचा असेल तर शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम आले. मुकुटाच्या सोनेरी रंगात बऱ्याचदा पितळेची पूड असते, म्हणजे तांबं आणि जस्त. माशांना तांबं फार सोसत नाही. ‘नैसर्गिक रंग’ ऐकूनही लगेच मान डोलवू नका. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. दोन्ही अगदी परंपरेतले! हळद, गेरू, चुना यांवर भागवणारा मूर्तिकार मिळाला तर तोच धरा. नाहीतर रंगाचा डबा बघायला मागा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, असा २०१६ चा नियम आहे आणि तसं डब्यावर छापावं लागतं. सुट्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं, आणि शिसं नुसतं बघून कळत नाही.

मखर थर्माकोलचं नको, एवढं पुरे.

विसर्जनासाठी मूर्ती पूर्ण बुडेल एवढी बादली किंवा टब आधीच बघून ठेवा. उत्तरपूजा झाली की हार, कंठी, जानवं, मुकुट उतरवा, निर्माल्य वेगळं. मूर्ती पीओपीची असेल तर ती अमोनियम बायकार्बोनेट कालवलेल्या पाण्यात बुडवायचा उपाय आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला. त्यात प्लास्टरचा चुनखडीसारखा साका होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, उतरतं. वास उग्र येतो, तेव्हा बादली गॅलरीत ठेवा. मात्र याने रंगातले धातू नाहीसे होत नाहीत. रंगाची खात्री नसेल तर ते पाणी तुळशीला किंवा मेथीच्या वाफ्याला घालू नका. त्यापेक्षा मूर्ती सरळ पालिकेच्या हौदात द्या. ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सांगितलंय.

गावाकडे असाल तर विहीर आणि आड वर्ज्य. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि शिसं कुजत नाही, उडून जात नाही. गाळात बसून राहतं आणि गाळ ढवळला की पुन्हा वर येतं.

शाडू बादलीत विरघळली की रंगाचे पापुद्रे आधी चाळणीने काढा आणि कागदात गुंडाळून घरातल्या घातक कचऱ्यात द्या. माती वाळवून मूर्तिकाराला परत करायची असेल तर हे आणखी जपून करा, नाहीतर तोच रंग पुढच्या वर्षीच्या मूर्तीत कालवला जाईल.